लेसरचा डोळा काळ्यावर

अगं, तू पाठवलेला पॅकेजचा फोटो बघितला. ‘फुल बॉडी, आठ सिटिंग, अप्पर लिप फ्री, ऑफर आज रात्रीपर्यंत.’ आणि खाली तुझा मेसेज, ‘ताई, टोकन भरून टाकू का?’ नको भरूस. ऑफर उद्याही असणार आहे. पाडव्याला असते, दिवाळीत असते, महिला दिनाला तर हमखास असते. घाई त्यांना आहे, तुझ्या केसांना नाही.

आता लगेच तोंड पाडू नकोस. मी ‘असली थेरं कशाला’ म्हणणारी नव्हे. करी रोडला गर्दीत गाडी पकडायची, लेडीज डब्यात वरची कडी धरायला हात उचलायचा आणि बिनबाह्यांचा कुर्ता आहे हे आठवून दादर येईपर्यंत कोपर अंगाशी दाबून, तोल सांभाळत उभं राहायचं, हे सगळं मला माहीत आहे. हनुवटीवरचा एकच राठ केस बोटाने चाचपत अख्खी मीटिंग काढणंही माहीत आहे. आमच्या वेळी गिरगावात पर्याय दोनच होते. पार्लरवालीचा दोरा, नाहीतर साखर-लिंबाचं घरी आटवलेलं वॅक्स, ज्याचा वास मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना जायचा आणि मग प्रत्येक दारातून ‘काय गं, कुठे लग्न आहे वाटतं?’ असं विचारलं जायचं. त्यात आपल्या आज्यांचं ठाम मत, की लहानपणी डाळीच्या पिठाने नीट चोळलं असतं तर ही वेळच आली नसती. ते काही खरं नाही. तान्ह्या बाळाची लव तशीही गळते, श्रेय पिठाला जातं. पीठ चोळल्याने केसाचं मूळ मरत नाही, बाळाची कातडी तेवढी लाल होते.

लेसर मुळापर्यंत पोचतो, हे खरं आहे. पण कसा पोचतो ते समजून घे. एकदा ते कळलं, की काय करायचं आणि काय नाही हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही, आणि काउंटरवरची गोड बोलणारी मुलगी तुला काहीही खपवू शकणार नाही.

लेसरला केस कळत नाही. त्याला काळा रंग कळतो, बस. केसात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकला की ते मेलॅनिन तो शोषून घेतं आणि तापतं. मे महिन्यात दुपारी काळा टीशर्ट घालून रानडे रोडवर खरेदीला जा, म्हणजे पाठ सांगेल काय होतं ते. केसाच्या काडीतून ती उष्णता खाली मुळापर्यंत जाते आणि नवा केस तयार करणाऱ्या पेशींना इजा करते. इजा पुरेशी झाली तर तिथून केस येत नाही, किंवा येतो तो बारीक आणि फिका. ही कल्पना बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. आजूबाजूचं काही न जाळता नेमकं रंगाचं तेवढंच तापवायचं, त्यासाठी तरंगलांबीही नेमकी हवी आणि प्रकाश टाकायचा वेळही नेमका हवा, असं त्यांचं म्हणणं. वरची पातळ त्वचा काही मिलिसेकंदांत थंड होते, केसाच्या जाड मुळाला त्याहून जास्त वेळ लागतो. ह्या फरकातच सगळी करामत आहे. त्वचेला निवायला वेळ मिळाला पाहिजे आणि मुळाला मिळता कामा नये. त्या हिशेबाने केसांसाठीची यंत्रं बाजारात यायला नव्वदीचं दशक उजाडलं.

आता खरी मेख इथे आहे. मेलॅनिन फक्त केसात नसतं, कातडीतही असतं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर लेसरचा गोंधळ होत नाही. आपल्याकडे कातडीही सावळी, केसही काळा. प्रकाश आधी कातडीतून जातो, तेव्हा वाटेतलं मेलॅनिन त्यातला काही भाग आपल्याकडे ओढतं. यंत्र चुकीचं लावलं किंवा जोर जास्त ठेवला तर केसाऐवजी कातडी भाजते. मग फोड, आणि फोड गेल्यावर काळा डाग, जो महिनोन्‌महिने जात नाही. अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली उन्हात कातडी कशी वागते यावरून प्रकार पाडले, तेच आज एक ते सहा असे वापरतात. एक म्हणजे अगदी गोरी, उन्हात भाजणारी, सहा म्हणजे गडद काळी. आपण बहुतेक जणी चार आणि पाचमध्ये येतो. सल्लामसलतीला गेलीस की तुझा प्रकार कुठला म्हणून विचार. समोरच्याला हा प्रश्नच कळला नाही तर पर्स उचल आणि बाहेर ये.

यंत्रांचीही नावं लक्षात ठेव, कारण ‘आमच्याकडे लेटेस्ट मशीन आहे’ हे काही उत्तर नव्हे. अलेक्झांड्राइट लेसर ७५५ नॅनोमीटरचा. तो मेलॅनिनला फार चटकन पकडतो, म्हणून गोऱ्या कातडीवर उत्तम आणि सावळ्या कातडीवर जपून वापरायचा. डायोड साधारण ८०० ते ८१०चा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तोच दिसतो, आणि जाणत्या हातात आपल्या रंगावर चांगला चालतो. एनडी-याग १०६४चा. त्याला मेलॅनिनचं आकर्षण त्या मानाने कमी, पण जातो खोल. त्यामुळे वरची कातडी त्याच्या तावडीतून सुटते आणि गडद रंगाला तो सगळ्यात सुरक्षित समजतात. दुखतो मात्र जास्त. आणि आयपीएल म्हणून जे असतं तो मुळात लेसरच नाही. तो अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत आहे, फिल्टर लावून आवरलेला. पुष्कळ पार्लरांत ‘लेसर’ म्हणून हेच चालतं. सावळ्या कातडीवर आयपीएलने भाजण्याचा धोका जास्त, म्हणून सरळ विचार, ‘हे डायोड आहे की आयपीएल?’

काळा रंग हे एवढं सूत्र हातात घे आणि आता तुझे प्रश्न बघ. वस्तरा चालेल का? चालेल, उलट आदल्या दिवशी वस्तराच फिरवायचा. कातडीवरचा केस नको असतो, नाहीतर तो वरच जळतो आणि कातडी पोळते. खालचं मूळ मात्र जागेवर हवं. आणि ‘वस्तऱ्याने केस राठ येतात’ हे आईचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. वॅक्स, दोरा, चिमटा? चालणार नाही, साधारण महिनाभर आधीपासून आणि दोन सिटिंगच्या मधेही नाही. त्यात केस मुळासकट उपटला जातो. मूळच नसेल तर लेसर काय तापवणार? ब्लीच? तेही नाही. वरच्या ओठावर ब्लीच करून आलीस तर केस आहे पण रंग नाही, म्हणजे लेसरच्या लेखी केसच नाही. पांढरे केस? आत्याला सांग, हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांसाठी लेसरवर पैसे घालवू नकोस. तिला इलेक्ट्रॉलिसिस लागेल, म्हणजे प्रत्येक केसाच्या मुळात बारीक सुई घालून विजेने ते मारायचं. पद्धत १८७५ सालापासूनची आहे, वेळखाऊ आहे, पण तिला रंगाशी देणंघेणं नाही. गोंदण किंवा टॅटू? त्यावर लेसर मारायचा नाही, शाईसुद्धा तापते. तीळ, मस? तेही झाकून टाकायला सांगायचं. आणि भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत लेसर नाही म्हणजे नाही. डोळ्याच्या बुबुळातही रंग असतो आणि तिथे इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापलेली आहेत. भुवयांना आपला दोराच बरा.

ऊन हा त्यातलाच पण आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित भाग. उन्हाने रापलेली कातडी म्हणजे ज्यादा मेलॅनिन. तुझा दर मे महिन्यात गावी जायचा रिवाज मला माहीत आहे. आंबे उतरवायला उभ्या उन्हात, संध्याकाळी समुद्रावर, आणि परत येतेस ती दोन रंगांची होऊन. त्या रापलेल्या अंगावर जूनच्या पहिल्या आठवड्यात सिटिंग घेऊ नकोस. निदान तीन-चार आठवडे जाऊ देत, रंग उतरू दे. शिवाजी पार्कच्या तलावात सकाळी पोहायला जाणाऱ्या मुलींनाही हेच सांगते. पावसाळा खरं तर बरा काळ, ढगाळ असतं, अंग झाकलेलं असतं. तरी सनस्क्रीन मात्र रोज.

आता आठ सिटिंगच का, एकाच वेळी का होत नाही? अंगावरचे सगळे केस एका वेळी वाढत नसतात. काही वाढीच्या अवस्थेत, काही थांबलेले, काही गळायच्या बेतात. लेसर लागू पडतो तो वाढत्या केसाला, कारण त्याचंच मूळ रंगाने भरलेलं आणि काडीला जोडलेलं असतं. डोक्याचे बहुतेक केस सतत वाढीत असतात, हातापायांचे फार थोडे. म्हणून झोपलेले केस जागे होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मारायचं. चेहऱ्याला साधारण चार ते सहा आठवड्यांनी, अंगाला सहा ते आठ आठवड्यांनी. सहा ते आठ सिटिंग सर्वसाधारणपणे लागतात, काहींना जास्त. ‘दर पंधरा दिवसांनी या, दोन महिन्यांत संपवू’ असं कुणी म्हटलं तर त्यांना त्यांचं पॅकेज संपवायचं आहे, तुझे केस नाहीत.

आणि ‘परमनंट’ ह्या शब्दावर भाळू नकोस. अमेरिकेचं औषध प्रशासन, एफडीए, अशा यंत्रांना ‘केस कायमचे कमी करणारी’ एवढंच म्हणू देतं, ‘सगळे केस कायमचे काढणारी’ असं नाही. केस बरेच कमी होतात, राहिलेले मऊ होतात, आणि वर्षातून एक-दोनदा डागडुजीची सिटिंग लागू शकते. एवढ्या अपेक्षेने गेलीस तर खूश होशील.

आता जरा जवळ ये, कारण मला खरं बोलायचंय ते हनुवटीबद्दल. तू फोटोत ‘फुल बॉडी’वर गोल केलायस, पण रडलीस ती हनुवटीवरून, हे मी विसरलेली नाही. काखेतले आणि पायांवरचे केस सगळ्यांना असतात. हनुवटीवर, गालाच्या कडेला, छातीच्या मधोमध, बेंबीखाली राठ काळे केस येतात तेव्हा आधी विचारायचं, हे का येतायत? तुझी पाळी दोन-दोन महिने लांबते. मुरमं कमी होत नाहीत. आणि तुझी मान. मावशी दर रविवारी चोळून चोळून काढते ना, ‘मळ आहे, अंघोळ नीट करत नाही’ म्हणत? तो मळ नाही गं. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी होते, ती बहुतेकदा शरीरात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. चोळून ती फक्त सोलवटते.

ही सगळी लक्षणं पीसीओएसकडे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाचा एक विकार) बोट दाखवतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, तू एकटीही नाहीस. आपल्या परळला, केईएम रुग्णालयाच्या शेजारी जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर, राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष छापले. एका निकषाने २२.५ टक्के मुलींत पीसीओएस निघाला, जास्त कडक निकषाने १०.७ टक्के. कडक आकडा धरला तरी तुझ्या कॉलेजच्या वर्गात किती जणी झाल्या बघ. आणि प्रत्येक मुलगी आपापल्या घरात, आपापल्या आरशासमोर, एकटीच चिमटा घेऊन उभी.

हार्मोन बिघडलेले असताना लेसर केलास तर एका बाजूने केस कमी करशील आणि दुसऱ्या बाजूने शरीर नवे उगवत राहील. लेसर व्यर्थ जातो असं नाही, पण औषध आणि लेसर बरोबरीने चालावे लागतात. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, साखर, गरज वाटली तर सोनोग्राफी. काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, तेव्हा तारीख बघून जा. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला असं कुणाच्या बाबतीत घडलं तर तिने लेसरचं नावही न काढता थेट डॉक्टरकडे धावायचं. ते वेगळंच काही असू शकतं.

आणखी एक उलटा प्रकार ऐक. लेसरने केस वाढूही शकतात! कमी जणींना होतं, पण होतं. विशेषतः चेहऱ्याच्या कडेला आणि मानेवर, सावळ्या कातडीत, हार्मोनचा त्रास असणाऱ्यांमध्ये. उष्णता मूळ मारण्याइतकी न पोचता त्याला डिवचण्याइतकीच पोचली तर मऊ लव होती तिथे राठ केस उठतात. म्हणून गालावरच्या बारीक सोनेरी लवेला लेसर लावू नकोस, कितीही ‘फ्री’ असला तरी. फुकटातलं सगळ्यात महाग पडतं ते हेच.

चेहऱ्यावर गोरं करणारी कुठली ट्यूब लावतेस का? खरं सांग. मेडिकलवाल्याने ‘लाव, आठ दिवसांत फरक’ म्हणून दिलेल्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लालबुंद होते, आणि त्यावर केस येतात. २०१८ साली सरकारने अशा कितीतरी स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली, तरी आपल्याकडे नाक्यावर मिळतच राहतात. ट्यूबमुळे आलेले केस लेसरने काढायचे आणि ट्यूब चालूच ठेवायची, ह्यात फायदा फक्त दोन दुकानदारांचा.

आता कुणाकडे जायचं? मशीन कुणाच्या हातात आहे हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. दाराच्या पाटीवर नाव असलेला डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहे का बघ. एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्ही अशी पदवी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचार, तो त्यांच्या वेबसाइटवर पडताळता येतो. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणीही लावतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, २००८ सालीच ह्या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या आहेत. डॉक्टरचं प्रशिक्षण, आधीचं बोलणं, लेखी संमती, सगळं त्यात आहे. हँडपीस तंत्रज्ञ मुलगी फिरवेल, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. पण पहिल्यांदा तपासायला, जोर ठरवायला आणि काही बिघडलं तर बघायला डॉक्टर त्या जागी हजर हवा. वरळीला दुसऱ्या शाखेत नव्हे, तिथे.

माझ्या एका मैत्रिणीला एका चकचकीत ठिकाणी तासभर बसवून घेतलं. कुठली जागा, किती सिटिंग, ईएमआय की कार्ड, सगळं विचारलं. पाळी नियमित आहे का, कुठली गोळी चालू आहे का, हे शेवटपर्यंत नाही. ती मुरमांसाठी गोळ्या खात होती. निघाली ती पैसे न भरता, आणि ते तिचं फार शहाणपणाचं काम.

तेव्हा तू आपणहून सगळं सांगायचं. मुरमांच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर सांग. पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत, आता तज्ज्ञ तितके कडक राहिलेले नाहीत, पण तो निर्णय डॉक्टरचा. डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाला कातडी नाजूक करणारी औषधं, ओठावर वारंवार येणारे तापाचे फोड, जखमेचा व्रण फुगून वर येण्याची सवय, कोड, सोरायसिस, फिट्स, दिवस गेले असण्याची शक्यता, काहीही लपवू नकोस. तिथे शेजारी होणारी सासू बसलेली असेल तर तिला बाहेर बसायला सांग. दिवस गेलेले असताना सहसा करत नाहीत. त्या काळात वाढलेले केस बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप कमीही होतात.

मग पॅच टेस्ट. कानाखाली किंवा काखेत दोन-चार शॉट मारून काही दिवस थांबायचं. ‘लागत नाही हो मॅडम, सगळ्यांना सूट होतं’ म्हणाले तर तुला सूट झालेलं नाही असं समज.

प्रत्यक्ष सिटिंग कशी असते सांगते. खोलीत एसी कडक. डोळ्यांवर गॉगल तुलाही आणि हँडपीस फिरवणाऱ्या मुलीलाही. तुला नुसता कापूस ठेवून चालणार नाही. पेन्सिलने चौकोन आखतात, थंडगार जेल फासतात. हँडपीसचं टोक बर्फासारखं गार असतं, ते वरच्या कातडीला सांभाळायला. मग बीप, आणि एक चटका. काखेत आणि ओठावर जास्त, पायाला कमी. जळक्या केसांचा मंद वास येतो, त्याला घाबरू नकोस. संपल्यावर प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीकशी पुळी आणि लाली दिसते, ती चांगली खूण, काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत उतरते. सहन होत नसेल तर सांग, जोर कमी होतो. दात-ओठ खाऊन पडून राहण्यात शौर्य नाही, कारण असह्य दुखणं ही कधीकधी भाजण्याची पहिली सूचना असते. बिकिनी लाइनची कातडी मुळात गडद, तिथे जोर कमीच ठेवायला हवा. तिथे बाईच हवी असं आधीच बजाव, आणि खोलीत कुणाच्या हातात मोबाइल नको.

बधिर करायचं क्रीम घरून थापून जाऊ नकोस. ओठापुरतं डॉक्टरने लावलं तर ठीक. दोन्ही पायांना फासून वर प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात जातं. अमेरिकेत अशाने तरुण मुली दगावल्या आहेत आणि तिथल्या एफडीएने त्यावरून जाहीर इशाराही दिला आहे.

घरी आल्यावर गार पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन दिवस जिम नाही, कढत पाणी नाही, काखेला डिओ नाही. मुंबईच्या घामाचं काय करणार? सैल सुती घाल आणि शक्यतो शनिवारी सिटिंग घे, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडीच्या गर्दीत घासत जायला नको. आठवड्या-दोन आठवड्यांनी काळे ठिपके वर येतील, वाटेल केस उगवले. ते उगवत नाहीत, गळतायत. आंघोळीत हलक्या हाताने पुसलेस की निघतील, चिमट्याने ओढू नकोस. पण पाण्याचा फोड आला, कातडी करड्या रंगाची दिसली तर आईच्या कपाटातलं कैलास जीवन, हळद, टूथपेस्ट यातलं काही न लावता आधी डॉक्टरला फोन. कैलास जीवनवर माझा राग नाही, पण भाजलेल्या जागी काय लावायचं ते ज्याने भाजलं त्याने सांगावं.

आईला वाटतंय ‘किरणांनी’ कॅन्सर होईल, गर्भाशयाला लागेल. तिची भीती अगदीच हवेतली नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत ब्यूटी पार्लरांतून खरंच एक्स-रे मारून केस काढत असत, ‘ट्रायको’ नावाचं यंत्र होतं, आणि पुढे त्यातल्या अनेक बायकांना चेहऱ्यावर न भरणाऱ्या जखमा आणि कॅन्सर झाले. पण लेसर हा एक्स-रे नाही. हा प्रकाश आहे, कातडीत काही मिलिमीटर जातो आणि थांबतो, गर्भाशयापर्यंत त्याची पोच नाही. तिला असं समजावून सांग, ‘तुला काही कळत नाही’ म्हणू नकोस.

आणि ऑनलाइन मिळणारं घरगुती मशीन घेऊ का, असं परवा विचारत होतीस. ते बहुतेक आयपीएलच असतं. खोक्यावर कातडीच्या रंगांचा तक्ता असतो, गडद चौकटींवर फुली मारलेली असते. तुझा हात त्या तक्त्याला लावून बघ, मग बोल.

राहिलं तुझं लग्न. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलाय ना? मग गणपतीत सुरुवात करून दोन सिटिंग होतील आणि हाती काही लागणार नाही. सहा सिटिंग, मधे सहा-आठ आठवडे, त्यात मे महिन्याची सुट्टी वजा. करून बघ हिशेब, पाडव्यालाच उशीर झालेला असतो. लग्नापर्यंत फक्त काखा आणि हनुवटी धर, पाय वॅक्स कर, ते सावकाश पुढच्या पावसाळ्यात बघू. शेवटची सिटिंग हळदीच्या निदान तीन-चार आठवडे आधी संपव. नवऱ्या मुलाला पाठीवरचे केस काढायचेत म्हणालीस, त्यालाही हेच नियम. पुरुषांच्या पाठीला मात्र सिटिंग जास्त लागतात आणि तक्रारीही जास्त असतात.

पॅकेज घेतलंस तर सगळे पैसे आधी भरू नकोस. सिटिंगगणिक भर, नाहीतर दोन हप्त्यांत, आणि मधेच सोडलं तर परत किती मिळणार ते कागदावर घे. प्रत्येक वेळी कुठलं यंत्र आणि किती जोर ठेवला ते फाइलमध्ये लिहून माग. ठिकाण बदललंस तर दुसऱ्या डॉक्टरला तेच लागतं.

आधी मात्र पाळीचं. पुढची कधी अपेक्षित आहे ते कळव, पाळीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी रक्त द्यायला मी तुझ्याबरोबर येते, उपाशीपोटी यायचंय एवढं लक्षात ठेव. त्वचेच्या डॉक्टरचं त्यानंतर. खासगी परवडत नसेल तर केईएमच्या त्वचेच्या ओपीडीला जाऊ, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, रांग मोठी असते. आणि त्या पॅकेजवालीला आज कळवून टाक, की नको. ती दोन दिवसांनी जास्त सवलत घेऊन फोन करेल बघ.